चष्म्याच्या भिंगांवरील परावर्तनरोधी लेप : उगम, प्रवास आणि उपयुक्ततेचा प्रश्न

बीजसंज्ञा : परावर्तन, व्यतिकरण, निर्वात लेपन, प्लॅस्टिक भिंग, तंत्रज्ञानाचा इतिहास

१. प्रस्तावना

चष्मा घेताना नंबर निश्चित झाला आणि चौकट पसंत पडली की ग्राहकापुढे आणखी एक प्रश्न ठेवला जातो. भिंगावर ‘अँटी-ग्लेअर’ लेप हवा की नको? या लेपामुळे चष्म्याच्या किमतीत लक्षणीय भर पडते. आयुष्याचा मोठा भाग वाचन, लेखन व संगणकापुढील कामात घालविणाऱ्या अध्यापकवर्गाला तर या प्रश्नाला दर दोन-तीन वर्षांनी सामोरे जावे लागते. त्याचे उत्तर बहुधा विक्रेत्याच्या शिफारशीवरून अथवा सहकाऱ्याच्या अनुभवावरून ठरविले जाते. या लेपाला सुमारे दोन शतकांची पूर्वपीठिका आहे आणि तिच्यात या प्रश्नाच्या उत्तराची सामग्री दडलेली आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

तंत्रज्ञानाचा इतिहास आपल्याकडे बहुतांशी शोधकांची चरित्रे म्हणून सांगितला जातो. एखादी वस्तू एका हेतूने निर्माण होते, दुसऱ्याच क्षेत्रात स्थिरावते आणि या स्थलांतरात तिच्या उपयुक्ततेचे स्वरूपच बदलून जाते. ही प्रक्रिया चरित्रकथनातून पुरेशी स्पष्ट होत नाही. परावर्तनरोधी लेप हे या प्रक्रियेचे बोलके उदाहरण आहे. हा लेप मुळात चष्म्यासाठी निर्माण झालेला नाही. अनेक भिंगांनी युक्त अशा दुर्बिणी, छायाचित्रक व पाणबुडीचे परिदर्शक यांच्या गरजेतून तो विकसित झाला. चष्म्यावर आल्यानंतर त्याचा मूळ लाभ जवळजवळ नाहीसा झाला आणि वेगळ्याच स्वरूपाचा लाभ पुढे आला. या दोन लाभांतील फरक स्पष्ट करणे आणि त्याच्या आधारे उपयुक्ततेच्या प्रश्नाची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. दोष की गुण? एकोणिसाव्या शतकातील निरीक्षणे

पातळ थरांवर दिसणाऱ्या रंगांचा पद्धतशीर अभ्यास न्यूटनने केला व १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात तो मांडला. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावरील तेलाच्या तवंगावर दिसणारे रंग याच प्रकारचे होत. त्यांचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंगने मांडलेल्या व्यतिकरणाच्या तत्त्वामुळे मिळाले. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या दोन प्रकाशतरंगांची शिखरे जुळली तर प्रकाश वाढतो आणि एकाच्या शिखरावर दुसऱ्याची दरी आली तर ते परस्परांना नष्ट करतात, असे हे तत्त्व आहे. पुढे १८२० च्या दशकात ओगुस्तँ फ्रेनेलने पृष्ठभागावरून किती प्रकाश परावर्तित होतो हे काढण्याची सूत्रे दिली. अशा रीतीने परावर्तनरोधी लेपासाठी आवश्यक असलेली सैद्धांतिक सामग्री १८३० पूर्वीच उपलब्ध झाली होती. तथापि, प्रत्यक्ष लेप तयार व्हावयास आणखी शंभर वर्षे लागली.

या मधल्या काळातील निरीक्षणे उद्बोधक आहेत. जर्मन भिंगकार योझेफ फ्राउनहोफर याला १८१७ च्या सुमारास असे आढळले की, आम्लाची प्रक्रिया झालेल्या काचेवरून प्रकाशाचे परावर्तन कमी होते. १८८६ मध्ये लॉर्ड रॅले यांनी काचेच्या परावर्तनाची मोजमापे करताना जुनी, हवेने मलिन झालेली काच ताज्या काचेपेक्षा कमी परावर्तन करते असे नोंदविले. त्या काळी भिंगावर आलेला असा निळसर-जांभळट डाग हा दोष मानला जाई. दुर्बिणीचे मालक त्यामुळे चिंतेत पडत आणि भिंग पुन्हा घासून स्वच्छ करून घेण्याकडे त्यांचा कल असे.

इंग्लंडमधील यॉर्क येथील टी. कुक अँड सन्स या कंपनीतील भिंगरचनाकार हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी ही समजूत उलटी फिरविली. तीन भिंगांच्या प्रसिद्ध ‘कुक ट्रिप्लेट’ रचनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. असा डाग पडलेल्या भिंगातून अधिक प्रकाश आत जातो, हे १८९० च्या दशकात त्यांच्या ध्यानी आले. दुर्बिणीच्या मालकांनी या डागाला शत्रू न मानता मित्र मानावे, असा दिलासा त्यांनी आपल्या लेखनातून दिला. पुढे काचेवर रासायनिक प्रक्रिया करून हा डाग हेतुपूर्वक निर्माण करण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १९०४ मध्ये घेतले. परंतु काचेच्या प्रत्येक प्रकारावर या प्रक्रियेचा परिणाम वेगवेगळा होत असे. एकसारखा आणि खात्रीचा थर मिळत नसल्यामुळे ही पद्धत उद्योगात रुजू शकली नाही. गुण ओळखला गेला होता, परंतु तो हुकमी निर्माण करता येत नव्हता, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

३. परावर्तनाचे गणित

लेपाची निकड कोणाला व का भासली हे समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. अशा काचेवर प्रकाश सरळ पडला असता फ्रेनेलच्या सूत्रानुसार प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चष्म्याच्या भिंगाला पृष्ठभाग दोनच. म्हणजे सुमारे ८ टक्के प्रकाश वाया जातो आणि ९२ टक्के डोळ्यापर्यंत पोहोचतो.

अनेक भिंगांच्या उपकरणात मात्र ही हानी गुणाकाराने वाढते. हवा आणि काच यांना विभागणारे १० पृष्ठभाग असलेल्या रचनेतून सुमारे ६६ टक्के प्रकाश पार होतो. २० पृष्ठभाग असतील तर हेच प्रमाण ४४ टक्क्यांवर येते. शिवाय परावर्तित झालेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो उपकरणाच्या आत इकडून तिकडे फिरत राहून प्रतिमेवर धूसर आवरण पसरवितो. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी भिंगरचनाकारांना आणखी एखादे भिंग घालून प्रतिमा सुधारण्याचा मार्ग मोकळेपणाने स्वीकारता येत नव्हता.

या हानीवरचा उपाय सिद्धांतात सोपा होता. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश जाडीचा पारदर्शक थर द्यावयाचा. मग थराच्या दोन बाजूंनी परतणारे तरंग परस्परांना छेद देतात. दृश्य प्रकाशाच्या मध्यावरील ५५० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी मॅग्नेशियम फ्लोराइडचा असा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका असावा लागतो. इतका पातळ आणि सर्वत्र समान थर देणे हीच खरी अडचण होती.

४. १९३५ ते १९४५ : प्रयोगशाळा आणि महायुद्ध

ही अडचण १९३० च्या दशकात जवळजवळ एकाच वेळी अनेक ठिकाणी दूर झाली. निर्वात पंपांच्या तंत्रात झालेली प्रगती हे त्याचे एक प्रमुख कारण होय. निर्वात कक्षात पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर जमविणे आता शक्य झाले होते. जर्मनीतील येना येथील कार्ल झाइस कंपनीत मूळचे युक्रेनमधील पदार्थवैज्ञानिक अलेक्झांडर स्माकुला यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९३५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. लष्करी महत्त्वामुळे ती काही वर्षे गुप्त ठेवण्यात आली. १९३६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जॉन स्ट्राँग यांनी कॅल्शियम फ्लोराइडचा थर देऊन परावर्तन कमी केल्याचे प्रसिद्ध केले.

१९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील कॅथरिन ब्लॉजेट यांनी ‘अदृश्य काच’ जाहीर केली. केंब्रिज विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांची रीत सर्वस्वी वेगळी होती. पाण्यावर पसरलेल्या एकरेणवीय थरातून काच वारंवार बुडवून काढून त्यांनी बेरियम स्टिअरेटचे ४४ थर एकावर एक बसविले. जाडीवरील नियंत्रण असामान्य होते, परंतु हा साबणासारखा थर मऊ होता व पुसताच निघून जाई. सिद्धान्ताची सिद्धता म्हणून हा प्रयोग अतिशय महत्त्वाचा ठरला. रोजच्या वापराच्या वस्तूसाठी मात्र तो उपयोगी नव्हता. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील कार्टराइट आणि टर्नर यांनी धातूंच्या फ्लोराइडांवर काम केले व त्यातून मॅग्नेशियम फ्लोराइड हा पदार्थ पुढे आला.

द्वितीय महायुद्धाने या संशोधनाला उद्योगाचे रूप दिले. द्विनेत्री दुर्बिणी, तोफांची नेम धरण्याची साधने, पाणबुडीचे परिदर्शक आणि विमानातून छायाचित्रण करणारे छायाचित्रक या सर्वांत पृष्ठभागांची संख्या मोठी होती. संधिप्रकाशात थोडा अधिक प्रकाश मिळणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. काच सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइड जमविल्यास थर पक्का बसतो व पुसला जात नाही, हे याच काळात प्रस्थापित झाले. या एका थराने प्रत्येक पृष्ठभागावरील परावर्तन ४ टक्क्यांवरून सुमारे १.४ टक्क्यांवर येते. वर दिलेल्या २० पृष्ठभागांच्या उदाहरणात पार होणारा प्रकाश त्यामुळे ४४ टक्क्यांवरून सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत वाढतो. लेपाची मूळ उपयुक्तता ही अशी होती. ती मोठी, मोजता येणारी व निर्विवाद होती.

युद्धोत्तर काळात हे तंत्र नागरी छायाचित्रणात आले. १९७० च्या दशकारंभी बहुस्तरीय लेप असलेली छायाचित्रकाची भिंगे बाजारात आली. एक थर हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचे परावर्तन उत्तम रीतीने रोखतो, पण तांबडा व निळा प्रकाश काही प्रमाणात परतू देतो. जुन्या भिंगांवर दिसणारी जांभळी झाक त्यामुळेच असते. अनेक थरांच्या योजनेने ही उणीव बऱ्याच अंशी दूर केली.

५. काचेकडून प्लॅस्टिककडे

चष्म्याच्या काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप देण्यात तांत्रिक अडचण नव्हती. परंतु चष्म्याचे भिंगच बदलत होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत ‘सीआर-३९’ हे पारदर्शक प्लॅस्टिक तयार झाले. युद्धानंतर त्यापासून चष्म्याची भिंगे बनू लागली. काचेच्या जवळजवळ निम्मे वजन आणि सहज न फुटणे हे त्याचे मोठे गुण होत. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘फायबरची काच’ म्हटले जाते, ती बहुतांशी याच कुळातील आहे.

या बदलाने लेपाच्या इतिहासाला खीळ घातली. सीआर-३९ हे प्लॅस्टिक ३०० अंशांचे तापमान सहन करू शकत नाही. म्हणून काचेसाठी सिद्ध झालेली पद्धत त्यास लागू पडेना. दुसरी अडचण प्रसरणाची होती. उष्णतेने प्लॅस्टिक लेपापेक्षा कितीतरी पट अधिक प्रसरण पावते. त्यामुळे कठीण पण ठिसूळ लेपास बारीक तडे जात. तिसरी अडचण अशी की मऊ प्लॅस्टिकवर ओरखडा उठला की लेपही त्यासोबत जाई. परावर्तनरोधी चष्म्याविषयी ग्राहकांत जो अविश्वास निर्माण झाला, त्याचे मूळ या तांत्रिक विसंगतीत शोधावे लागते.

त्यावर टप्प्याटप्प्याने उपाय निघाले. प्लॅस्टिकवर प्रथम एक कठीण वार्निशसदृश थर, त्यावर सिलिकॉन डायऑक्साइड आणि टायटॅनियम किंवा झिर्कोनियमच्या ऑक्साइडांचे आलटून-पालटून थर आणि सर्वांत वर पाणी व तेल धरून न ठेवणारा थर, अशी आजची रचना आहे. कमी तापमानात थर घट्ट बसावा म्हणून आयनांच्या झोताचे साहाय्य घेण्याची पद्धतही रूढ झाली. म्हणजे ज्याला ग्राहक ‘एक लेप’ समजतो, तो प्रत्यक्षात निरनिराळी कार्ये करणारा थरांचा समूह आहे. लेपाच्या किमतीत व टिकाऊपणात आढळणारी तफावत काही अंशी या रचनेतील फरकांमुळे असते.

याच काळात अधिक अपवर्तनांकाची पातळ भिंगे आली. मोठ्या नंबरासाठी ती सोयीची खरी, परंतु अपवर्तनांक वाढला की परावर्तनही वाढते. १.६७ अपवर्तनांकाच्या भिंगाचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ६.३ टक्के प्रकाश परत फिरवितो. जाड भिंगाचा त्रास टाळण्यासाठी निघालेल्या भिंगानेच लेपाची गरज वाढविली.

६. चष्म्यावरील लाभाचे स्वरूप

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. १.५ अपवर्तनांकाच्या चष्म्यावर उत्तम लेप दिल्याने ९२ टक्क्यांऐवजी सुमारे ९८ टक्के प्रकाश डोळ्यात जातो. उपकरणातील ४४ वरून ७५ या वाढीशी तुलना करता ही भर अल्प आहे. मानवी डोळा प्रकाशाच्या अतिविशाल पल्ल्यात काम करतो. दिवसा वाचताना सहा-सात टक्क्यांची वाढ त्यास सहसा जाणवत नाही. तेव्हा ‘अधिक प्रकाश मिळतो’ हा युक्तिवाद दुर्बिणीच्या इतिहासातून चष्म्याच्या दुकानात जसाच्या तसा आलेला आहे. तो खोटा नाही, पण चष्म्याच्या बाबतीत फारसा महत्त्वाचाही नाही.

चष्म्यातील खरा लाभ अन्यत्र आहे. रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्याचा प्रकाश भिंगात शिरतो, मागील पृष्ठभागावरून परत फिरतो, पुढील पृष्ठभागावरून पुन्हा मागे वळतो आणि डोळ्यात जातो. त्यामुळे मूळ दिव्याशेजारी एक फिकट दुय्यम प्रतिमा दिसते. दोन वेळा परावर्तन झाल्यामुळे तिची तीव्रता ४ टक्क्यांच्या ४ टक्के, म्हणजे मूळ दिव्याच्या ०.१६ टक्के असते. प्रत्येक पृष्ठभागाचे परावर्तन १ टक्क्यावर आणल्यास ही तीव्रता ०.०१ टक्क्यावर येते. येथे सुधारणा सहा टक्क्यांची नसून सोळा पटींची आहे. १.६७ च्या लेपरहित भिंगात हीच दुय्यम प्रतिमा ०.४ टक्के इतकी, म्हणजे साध्या भिंगाच्या अडीच पट तीव्र असते. अंधाऱ्या रस्त्याच्या पार्श्वभूमीवर दिवा इतका प्रखर असतो की त्याचा हा अल्प अंशही स्पष्ट दिसतो. दिवसा मात्र तो भोवतालच्या प्रकाशात लोपून जातो.

याखेरीज मागून येणारा प्रकाश भिंगावरून परतून डोळ्यात जाणे आणि समोरच्या व्यक्तीस चष्म्यावर खिडकी किंवा दिव्याची प्रतिमा दिसणे हे दोन प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकाराचा दृष्टीशी संबंध नाही. तथापि वर्गात अध्यापन करणाऱ्या, मंचावर बोलणाऱ्या किंवा कॅमेऱ्यासमोर काम करणाऱ्या व्यक्तीचे डोळे श्रोत्यास दिसणे, हा लाभही अमान्य करता येणार नाही. येथे लेपाचा लाभार्थी चष्मा वापरणारा नसून त्याच्याकडे पाहणारा असतो.

७. मर्यादा आणि नामांतराचा धोका

लेपाच्या मर्यादाही तितक्याच वास्तव आहेत. बोटांचे तेलकट ठसे लेपित भिंगावर अधिक उठून दिसतात, कारण तेलाचा थर व्यतिकरणाची योजनाच बिघडवितो. धूळ न धुता सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसल्यास लेप ओरखडला जातो. उन्हाळ्यात बंद मोटारीत चष्मा ठेवल्यास प्रसरणातील फरकामुळे लेपास तडे जाऊ शकतात. दृश्य प्रकाशासाठी योजलेला लेप अन्य तरंगलांबींबाबत अपेक्षेच्या विरुद्धही वागू शकतो. काही परावर्तनरोधी लेप अतिनील किरणे परावर्तित करतात, हे कार्ल सिटेक यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. मागून येणारे असे किरण डोळ्याकडे वळू शकत असल्यामुळे त्यानंतर भिंगाच्या मागील पृष्ठभागाच्या लेपाकडे स्वतंत्रपणे लक्ष दिले जाऊ लागले.

अलीकडच्या काळातील सर्वांत लक्षणीय घटना म्हणजे ‘ब्ल्यू कट’ भिंगांचा प्रसार. यांपैकी अनेक भिंगांत लेपाची योजना अशी असते की निळ्या प्रकाशाचा काही भाग परावर्तित व्हावा. परावर्तन टाळण्यासाठी जन्मलेल्या तंत्रास येथे परावर्तन करण्याचे काम दिलेले आहे. संगणकामुळे येणारा डोळ्यांचा शीण यामुळे कमी होतो असा दावा केला जातो. या विषयावरील १७ यादृच्छिक चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने केलेला आढावा ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या भिंगांच्या तुलनेत अशा भिंगांमुळे संगणकाच्या वापराने येणारा शीण अल्प मुदतीत कमी होत नसावा, असा त्याचा निष्कर्ष आहे. झोपेवरील परिणामांबाबत तर ठाम पुरावा हाती आला नाही. लेपाने परावर्तन कमी होते ही मोजलेली वस्तुस्थिती होय. तिच्या विश्वासार्हतेच्या बळावर त्याच कुळातील दुसऱ्या मालाचा न मोजलेला गुण विकला जाणे, हा या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा टप्पा आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) परावर्तनरोधी लेपाचा उगम अनेक पृष्ठभाग असलेल्या उपकरणांच्या गरजेत आहे. तेथील लाभ प्रकाशवृद्धीचा होता. दोनच पृष्ठभाग असलेल्या चष्म्यात हा लाभ गौण ठरतो.

(२) चष्म्यातील प्रमुख लाभ दुय्यम प्रतिमा व मागून येणारी चमक कमी होण्यात आहे. रात्री वाहन चालविणारे, अधिक अपवर्तनांकाची भिंगे वापरणारे आणि श्रोत्यांसमोर बोलणारे यांना तो विशेषत्वाने मिळतो. त्यांच्यासाठी लेपावरील खर्च सार्थ आहे.

(३) लहान नंबर, साधे प्लॅस्टिक भिंग आणि मुख्यत्वे दिवसाचा वापर असलेल्या व्यक्तीस लेप ऐच्छिक समजता येईल. अशा व्यक्तीचे उत्पन्न मर्यादित असल्यास अचूक तपासणी, योग्य नंबर आणि नीट बसणारी चौकट यांवरील खर्चास प्राधान्य मिळावे. चष्म्याच्या किमतीत लेप सक्तीने समाविष्ट करणे अशा ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

(४) लेपाचे विशिष्ट नाव पाहून निर्णय घेण्यापेक्षा परावर्तन किती टक्के कमी होते, लेप दोन्ही पृष्ठभागांवर आहे काय आणि त्याची हमी किती काळाची आहे, असे मोजता येणारे प्रश्न विक्रेत्यास विचारणे हितावह ठरेल.

दुर्बिणीच्या मालकांनी एके काळी उपयुक्त थराला मळ समजून घासून काढले. आजचा ग्राहक प्रत्येक थराला गुण समजून त्याचे मोल देण्याच्या बेतात आहे. टेलर यांनी भिंगातून पार होणाऱ्या प्रकाशाची तुलना करून पहिल्या समजुतीतील चूक दाखवून दिली होती. दुसऱ्या समजुतीची तपासणीही मोजमापाच्याच आधारे व्हावयास हवी.